मोटारीचा पत्रा घरी घासून रंगवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात रस्ता जेमतेम एका गाडीपुरता आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जांभ्या चिऱ्यांचे गडगे आहेत. समोरून आलेल्या टेम्पोला वाट देताना माझ्या पांढऱ्या हॅचबॅकचा डावा पुढचा फेंडर (चाकावरचा पत्रा) अशाच एका गडग्याला घासला. रंग निघाला, पत्र्याला तळहाताएवढा पोचा आला, आणि पंधरा दिवसांत उघड्या पत्र्यावर तांबूस ठिपके दिसू लागले. तो फेंडर दुरुस्त करताना मी हे काम शिकलो. पहिला प्रयत्न फसला, दुसरा जमला, आणि त्यानंतर नातेवाइकांच्या गाड्यांचे काही पत्रेही मी केले. त्या निमित्ताने लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत.

कोणते काम घरी करण्याजोगे आहे आणि कोणते नाही?

एकाच पत्र्यापुरते मर्यादित असलेले ओरखडे, उथळ पोचे, वरवरचा गंज आणि निघालेले रंगाचे पोपडे ही कामे घरी नीट होऊ शकतात. पुढचा फेंडर त्यासाठी सर्वांत सोयीचा, कारण तो बहुतेक गाड्यांना बोल्टने जोडलेला असतो आणि काढून टेबलावर ठेवता येतो. याउलट मागचा फेंडर, छप्पर आणि दारांखालची पट्टी हे भाग सांगाड्याला वेल्डिंगने जोडलेले असतात. तेथे गंजाने आरपार भोक पडले असेल, किंवा अपघातात गाडीचा सांगाडा वाकला असेल, तर त्यावर पुट्टी भरून रंग देणे म्हणजे दोष झाकणे होय. असे काम गॅरेजमध्येच करावे.

माझे ठाम मत असे आहे की धुणे, घासणे, पोचा काढणे, पुट्टी भरणे आणि प्रायमर (रंगाखालचा थर) लावणे ही सगळी तयारी घरी करावी, आणि शेवटचा रंग व क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) शक्य असेल तर पेंटरच्या बूथमध्ये, म्हणजे रंगकामाच्या बंदिस्त खोलीत, मारून घ्यावा. या कामातले बहुतेक कष्ट तयारीत असतात, आणि घाईच्या गॅरेजमध्ये नेमका तयारीलाच वेळ मिळत नाही. घरी आपल्याला वेळ असतो, बूथ नसतो. दोघांनी आपापल्या हातातले काम करावे.

खर्च विम्यातून घ्यावा की स्वतः करावा?

साध्या, म्हणजे शून्य-घसारा (झीज वजा न करणारी) नसलेल्या पॉलिसीत रंगकामाच्या साहित्याच्या खर्चावर ५० टक्के घसारा धरतात, आणि बिल एकत्रित असेल तर एकूण रंगकामाच्या २५ टक्के रक्कम साहित्याची मानली जाते. याशिवाय १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला १००० रुपये आणि त्याहून मोठ्या गाडीला २००० रुपये प्रत्येक दाव्यामागे आपल्या खिशातून जातात. दावा न केल्यास मिळणारी नो क्लेम बोनसची सवलत पहिल्या वर्षानंतर २० टक्के असते आणि पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढते. एका दाव्याने ही चढण पुन्हा पायथ्यापासून सुरू होते. म्हणून एकट्या फेंडरसाठी दावा करण्याआधी पुढच्या हप्त्यात किती सवलत जाईल याचा हिशेब कागदावर मांडून पाहावा.

ओरखडा किती खोल आहे हे कसे ओळखावे?

कारखान्यातून आलेल्या गाडीवर पत्र्यालगत फॉस्फेटचा थर, त्यावर विद्युतप्रवाहाने चढवलेला प्रायमर, मग पृष्ठभाग सपाट करणारा सरफेसर, मग रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. या सगळ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या एक-दोन केसांएवढीच भरते आणि त्यातला क्लिअर कोट ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. आपण किती पातळ कवचावर काम करत आहोत, हे हातात घासण्याचा पेपर घेण्याआधी लक्षात असू द्यावे.

ओरखड्यावरून नख आडवे फिरवावे. नख अडकले नाही तर इजा क्लिअर कोटपुरतीच आहे आणि बहुधा रबिंग व पॉलिशने ती जाते, रंगवण्याची गरजच पडत नाही. नख अडकले आणि तळाशी राखाडी रंग दिसला तर ओरखडा प्रायमरपर्यंत गेला आहे असे समजावे. चकचकीत धातू किंवा तांबूस रेघ दिसली तर पत्रा उघडा पडला आहे. किनारपट्टीवर अशा उघड्या पत्र्याला एक पावसाळासुद्धा थांबवू नये. पूर्ण दुरुस्तीला वेळ नसेल तर निदान जागा साफ करून प्रायमरचा एक हात लावून ठेवावा.

गाडीवर आधी कोणता रंग आहे हे तपासणे आवश्यक आहे का?

गाडी पूर्वी कोणी रंगवली असण्याची शक्यता असेल तर अत्यावश्यक आहे. पांढऱ्या सुती फडक्यावर थोडे एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाचे थिनर घेऊन, दाराच्या आतल्या कडेसारख्या न दिसणाऱ्या जागी ते अर्धा मिनिट दाबून धरावे. रंग मऊ होऊन फडक्याला लागला तर तेथे एनसी रंग आहे किंवा नीट न सुकलेला रंग आहे. कारखान्याचा भाजलेला रंग आणि पूर्ण वाळलेला पीयू (पॉलियुरेथेन) रंग असा सुटत नाही. एनसी रंगावर तीव्र थिनरचा नवा थर मारला की खालचा रंग फुगून त्याला सुरकुत्या पडतात. त्या सुरकुत्या घासून जात नाहीत, सगळे पत्र्यापर्यंत काढावे लागते. माझा पहिला प्रयत्न याच कारणाने फसला. आधीच्या मालकाने तो फेंडर कधीतरी एनसीने रंगवून घेतला होता आणि मला ते ठाऊक नव्हते.

रंगकामासाठी वर्षातला कोणता काळ निवडावा?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. थिनर उडून जाताना पृष्ठभाग थंड करतो, त्या थंड पृष्ठभागावर हवेतले पाणी धरते आणि रंगावर दुधासारखी पांढरट झाक येते. विदर्भातल्या मे महिन्याची अडचण वेगळी आहे. तेथे ४० अंशांच्या पुढच्या हवेत रंगाचे थेंब पत्र्यापर्यंत पोहोचण्याआधीच सुकू लागतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. २० ते ३० अंश तापमान आणि कोरडी हवा सर्वांत चांगली.

दिवसातली वेळही पाहावी लागते. हिवाळ्यातल्या सकाळी पत्रा दवाने थंड असतो, म्हणून दहा-साडेदहापर्यंत थांबावे आणि सायंकाळी दव पडण्याच्या बऱ्याच आधी शेवटचा हात संपवावा. उन्हात तापलेल्या पत्र्यावर फवारा कधीही मारू नये. पत्र्यावर हात ठेवला असता तो गरमही लागू नये आणि ओलसर गारही लागू नये.

घरी पीयू रंग मारला तर चालेल का?

या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे, आणि त्याचे कारण सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. पीयू रंगाच्या आणि क्लिअरच्या हार्डनरमध्ये, म्हणजे तो पक्का होण्यासाठी मिसळायच्या घटकात, आयसोसायनेट नावाची रसायने असतात. ती फवाऱ्याच्या बारीक थेंबांतून श्वासात गेली तर माणसाला कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे अगदी अल्प प्रमाणही झटका आणण्यास पुरेसे ठरते. वाहने रंगवणाऱ्या कामगारांमध्ये हा व्यवसायजन्य आजार म्हणून ओळखला जातो. या रसायनांचा वास जाणवण्याआधीच ती घातक पातळीला पोहोचलेली असतात, त्यामुळे मास्कचे कार्ट्रिज निकामी झाले तरी नाकाला इशारा मिळत नाही. म्हणूनच चांगल्या बूथमध्ये पेंटरला बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मास्क दिला जातो. घराच्या पडवीत, जेथे लहान मुले व वृद्ध माणसे वावरतात, तेथे हे मारू नये. तोंडाला रुमाल बांधून पीयू मारणारे पेंटर आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत, पण ते चालते याचा पुरावा म्हणून त्यांच्याकडे पाहू नये. त्यांना मास्क घेण्याची विनंती करावी.

घरी फवारायचेच असेल तर हार्डनर न लागणारे एका घटकाचे स्प्रे कॅन वापरावेत. तळाशी खटका दाबून आत हार्डनर सोडण्याचे दोन घटकांचे कॅनही मिळतात, पण त्यांतही बहुधा आयसोसायनेटच असते, त्यामुळे लेबल वाचल्याखेरीज घेऊ नयेत. साध्या कॅनच्या फवाऱ्यालाही सेंद्रिय वाफांसाठीचा कार्बन कार्ट्रिजचा मास्क, चष्मा आणि नायट्राइलचे हातमोजे लागतातच. कापडी किंवा शस्त्रक्रियेचा मास्क वाफ अजिबात अडवत नाही.

जागा कशी असावी?

घासण्याचे काम अंगणात करावे. फवाऱ्यासाठी वारा न लागणारी, पण हवा खेळती राहील अशी जागा हवी. आधी तास-दोन तास जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवून घ्यावी. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरून दूरच्या ठिणगीपर्यंत जाते, म्हणून जवळ गॅसची शेगडी, देवघरातला दिवा, उदबत्ती, गिझर किंवा ठिणगी उडणारा पंखा चालू नसावा.

पत्रा धुण्यात आणि पुसण्यात एवढे काय आहे?

पेपर घासल्यावर पत्र्यावरचे मेण, तेल आणि सिलिकॉन निघून जाते असा समज आहे. प्रत्यक्षात ते ओरखड्यांमध्ये अधिक खोल दाबले जाते. त्यामुळे घासण्याच्या आधी सफाई आणि घासल्यानंतर पुन्हा सफाई, असा क्रम ठेवावा. प्रथम शॅम्पू आणि पाणी, मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हर. एका फडक्याने तो लावावा आणि ओला असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा. वाळू दिला तर मैल पुन्हा तेथेच बसते. डॅशबोर्ड आणि टायर चमकवण्याच्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असते, म्हणून काम चालू असेपर्यंत ती बाटली त्या आवारातही उघडू नये. यानंतर उघड्या हाताने पत्र्याला स्पर्श करू नये, कारण बोटांचे तेलसुद्धा पुरेसे असते.

फेंडर काढला असेल तर त्याची मागची बाजूही याच वेळी पाहावी. माझ्या फेंडरच्या मागे, चाकाच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराआड, दोन मुठी भरतील एवढी तांबडी माती बसली होती. ती पावसाळाभर ओली राहते आणि पत्रा आतून खाते. ती काढून, धुऊन, वाळवून आतूनही प्रायमर लावावा. दारांच्या तळाशी पाणी जाण्यासाठी भोके असतात, तीही मोकळी आहेत ना हे पाहून घ्यावे आणि पुट्टीने किंवा रंगाने ती बुजू देऊ नयेत.

गंज किती काढावा?

सगळा. रंगाचा फुगा दिसतो त्यापेक्षा खालचा गंज नेहमी जास्त पसरलेला असतो, म्हणून फुग्याच्या कडेपासून निदान बोटभर पुढे, स्वच्छ पत्रा लागेपर्यंत ८० नंबरच्या (नंबर जितका लहान तितका खरखरीत) पेपरने किंवा तारेच्या ब्रशने खरवडावे. पत्र्याच्या सूक्ष्म खड्ड्यांत काळे ठिपके उरतात, त्यांच्यासाठी फॉस्फरिक आम्लाचे गंजरोधक द्रावण लावता येते. मात्र ते लेबलवर सांगितल्याप्रमाणे पूर्ण धुऊन वाळवावे, कारण आम्लाचा अंश राहिला तर त्यावर पॉलिस्टर पुट्टी नीट पक्की होत नाही. साफ केलेला पत्रा रात्रभर उघडा ठेवू नये. समुद्राकाठच्या हवेत सकाळपर्यंत त्यावर पिवळसर झाक आलेली असते.

पोचा आणि पुट्टी यांचे काम नेमके कसे करावे?

आधी पोचा मागून जमेल तेवढा बाहेर काढावा. पत्र्याच्या बाहेरून एका हाताने जड लोखंडी ठोकळा टेकवून धरावा आणि मागून हलक्या, पुष्कळ ठोक्यांनी पत्रा वर आणावा. जोराचा एक ठोका पत्रा ताणतो आणि मग तो डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर टकटक करतो. पृष्ठभाग मूळ पातळीच्या किंचित खाली राहिला तर चालेल, पण वर उठलेला बिंदू राहू देऊ नये. राहिलेला खळगा पुट्टीने भरायचा असतो, आणि तिची जाडी २ ते ३ मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये. जाड पुट्टी गाडीच्या हादऱ्यांनी व उन्हाने तडकते.

पुट्टीखालचा पत्रा ८० नंबरच्या पेपरने खरखरीत केलेला असावा. पॉलिस्टर पुट्टीत हार्डनर वजनाने साधारण २ टक्के घालतात. लिंबाएवढ्या गोळ्याला वाटाण्याएवढा हार्डनर, असा अंदाज मी ठेवतो. दोन्हींचा रंग मुद्दाम वेगळा असतो, तो एकसारखा होऊन रेघा नाहीशा होईपर्यंत काचेच्या किंवा पत्र्याच्या तुकड्यावर दाबून मिसळावे. गोल गोल घोटू नये, हवेचे बुडबुडे आत जातात. हार्डनर जास्त झाला तर पुढे रंगातून पिवळसर डाग वर येतो, कमी झाला तर पुट्टी चिकट राहते. मिसळल्यापासून हातात चार-पाच मिनिटेच असतात, म्हणून एका वेळी थोडीच कालवावी. पहिला हात पातळ, दाब देऊन लावावा, म्हणजे तो पत्र्याच्या रेघांत शिरतो. दुसऱ्या हाताने उंची भरावी आणि कडा पोच्याच्या बऱ्याच बाहेर नेऊन शून्यावर आणाव्यात.

वीस-तीस मिनिटांनी नखाने ओरखडल्यावर पांढरी रेघ उठली की घासण्यास तयार झाली. पेपर हातात धरून घासू नये, कारण बोटांच्या दाबाने चर पडतात. लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून, तिरक्या दिशेने, आधी एका बाजूने व मग उलट्या बाजूने फुलीसारखे घासावे. क्रम ८०, मग १२०, १८० आणि शेवटी २४० असा ठेवावा. प्रत्येक नंबरने आधीच्या नंबरच्या रेघा पूर्ण काढायच्या असतात. मधला नंबर गाळला तर त्या रेघा महिन्याभराने रंग बसला की पुन्हा दिसू लागतात. पॉलिस्टर पुट्टी पाणी लावून कधीही घासू नये. ती स्पंजासारखी पाणी पिते आणि ते पाणी पुढे रंगाखाली फुगे आणते.

डोळ्यांवर येथे विसंबू नये. हातावर पातळ सुती मोजा चढवावा, डोळे मिटावे आणि पूर्ण तळहात, बोटांची टोके नव्हे, चांगल्या भागाकडून पुट्टीवर व पुन्हा चांगल्या भागाकडे लांब सरकवावा. पुट्टीची कड तळहाताखाली अस्पष्ट पायरीसारखी लागते. ती पायरी जोपर्यंत जाणवते, तोपर्यंत काम संपलेले नाही. मी दुसऱ्या वेळी हा हात त्या फेंडरवरून कितीदा फिरवला याची गणती नाही, पण आज तो पत्रा कोणत्याही उजेडात सरळ दिसतो.

प्रायमर कोणता आणि कसा लावावा?

उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर सर्वांत विश्वासाचा, कारण तो ओलावा पत्र्यापर्यंत पोहोचू देत नाही. तो दोन घटकांचा असतो, बहुतेक इपॉक्सींच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नसते, तरी त्याचा त्वचेला त्रास होतो, म्हणून लेबल वाचून व हातमोजे घालूनच वापरावा. घरी तो फवारण्याऐवजी बारीक फोम रोलरने लावण्याचा मार्ग मला फार उपयोगी वाटतो. थेंब हवेत उडत नाहीत आणि नंतर तो घासायचाच असल्याने रोलरची दाणेदार खूण अडचण होत नाही. एका घटकाचा फवाऱ्याचा प्रायमरही चालतो, पण तो मऊ असतो आणि ओल अडवण्यात कमी पडतो. प्रायमर लावून गाडी तशीच महिनोन्‌महिने फिरवू नये. बहुतेक प्रायमर थोडेफार पाणी शोषतात.

प्रायमर पूर्ण वाळल्यावर त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारावा आणि ठोकळ्यावर ४०० नंबरचा वॉटर पेपर घेऊन घासावे. जेथे काळे उरते तेथे खळगा आहे, जेथे लवकर पत्रा दिसू लागतो तेथे उंचवटा आहे. बारीक खड्डे भरण्यासाठी पुन्हा थोडा प्रायमर लावावा. शेवट साध्या रंगासाठी ६०० आणि मेटॅलिकसाठी ८०० नंबरवर करावा, कारण मेटॅलिक रंगात जाड रेघा अधिक उठून दिसतात. शेजारचा जुना रंग, ज्यावर नवा क्लिअर जाणार आहे, तोही ८०० ते १००० नंबरने निस्तेज करून घ्यावा. चमकणाऱ्या पृष्ठभागावर काहीही धरत नाही.

पत्रा प्रायमरपर्यंत आणून पेंटरकडे देणार असाल तर वापरलेल्या प्रायमरचा व पुट्टीचा डबा सोबत न्यावा. खाली काय आहे हे माहीत नसलेल्या कामावर चांगला पेंटर हात घालायला तयार होत नाही, आणि त्याचे ते बरोबरच असते.

रंगाचा मेळ कसा बसवावा?

रंगाचे नाव पुरेसे नाही, कोड लागतो. तो इंजिनाच्या कप्प्यातल्या किंवा दाराच्या खांबावरच्या पट्टीवर असतो. उदाहरणार्थ, मारुती सुझुकीच्या साध्या पांढऱ्याचा कोड २६यू आणि सिल्की सिल्व्हरचा झेड२एस आहे. कोड बरोबर असला तरी जुन्या गाडीचा रंग उन्हाने उतरलेला असतो. म्हणून पॉलिश केलेले इंधनाचे झाकण काढून रंग मिसळणाऱ्या दुकानात नेणे सर्वांत चांगले. मिळालेला रंग आधी प्रायमर केलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर मारून, वर क्लिअर देऊन, वाळल्यावर गाडीशेजारी सावलीत आणि उन्हात दोन्हीकडे धरून पाहावा. ओला रंग आणि वाळलेला रंग यांत फरक असतो, त्यामुळे डब्यात पाहून निर्णय घेऊ नये.

साधा पांढरा किंवा साधा लाल नवशिक्यालाही जमतो. चंदेरी मेटॅलिक सर्वांत कठीण, कारण ॲल्युमिनियमचे कण ओल्या हाताने आडवे-तिडवे बुडतात व रंग गडद दिसतो आणि कोरड्या हाताने वर राहून फिका दिसतो. गॅरेजमध्ये म्हणूनच फेंडरचा मेटॅलिक रंग शेजारच्या दारावर विरत नेतात. मोतिया रंगाचे तीन टप्पे असतात, ते काम घरी करू नये.

फवारा मारताना हात कसा चालवावा?

मनगट गोल न फिरवता संपूर्ण हात पत्र्याला समांतर सरकवावा. कॅन २० ते २५ सेंटिमीटर, स्प्रे गन १५ ते २० सेंटिमीटर दूर धरावी. खटका पत्र्याच्या बाहेर दाबावा आणि बाहेरच सोडावा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्यावर यावा. पहिला हात विरळ, खालचे दिसत राहील असा मारावा. एकाच हातात सगळे झाकण्याचा मोह ओघळांकडे नेतो. दोन हातांमध्ये रंगाची ओली चमक जाईपर्यंत, साधारण १० ते १५ मिनिटे थांबावे. एका फेंडरला कॅन पुरेसा होईल असे वाटले तरी रंगाचे दोन कॅन एकाच वेळी मिसळून घ्यावेत. मध्येच संपल्यावर आणलेला दुसरा कॅन किंचित वेगळा निघू शकतो. कॅन आधी दोन-तीन मिनिटे हलवावा आणि थंडीत कोमट पाण्यात ठेवावा, गरम पाण्यात किंवा उन्हात कधीही ठेवू नये.

झाकण्यासाठी वर्तमानपत्र वापरू नये, थिनर त्यातून झिरपतो व शाई उतरते. मास्किंगचा जाड कागद आणि खरी मास्किंग टेप घ्यावी, आणि क्लिअर कोट नेहमी पत्र्याच्या शेवटच्या कडेपर्यंत न्यावा. मधेच थांबवलेल्या क्लिअरची कड वर्ष-दोन वर्षांत उठू लागते.

एका घटकाचा क्लिअर टिकतो का?

दिसायला ठीक राहतो, पण तो थिनर उडून वाळतो, त्याला दोन घटकांच्या क्लिअरसारखा रासायनिक पक्केपणा येत नाही. पेट्रोलचा थेंब पडला तरी डाग पडतो आणि ऊन त्याला लवकर मारते. कारखान्यात क्लिअर कोट सुमारे १४० अंशांच्या भट्टीत भाजलेला असतो आणि चांगल्या गॅरेजचा बूथ ६० अंशांपर्यंत तापवतात. अंगणात यांपैकी काहीही नाही. याच कारणासाठी मी माझा फेंडर प्रायमरपर्यंत घरी केला, सुटा करून जुन्या चादरीत गुंडाळला आणि रंग व क्लिअर बूथमध्ये मारून आणला.

ओघळ, खड्डे किंवा खरखर आली तर काय करावे?

ओघळ ओला असताना बोट लावू नये. पूर्ण कडक झाल्यावर ठोकळ्यावर १००० व मग १५०० नंबरने फक्त उंचवटा उतरवावा. संत्र्याच्या सालीसारखी दाणेदार पोत क्लिअरमध्ये असेल तर १५०० आणि २००० नंबरने पाण्यात घासून रबिंग कंपाउंडने चमक आणता येते, मात्र कडा व उभार रेषांपासून दूर राहावे, तेथे थर सर्वांत पातळ असतो. माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडले तर ते सिलिकॉनमुळे असतात. वर आणखी रंग ओतून ते भरत नाहीत. वाळू द्यावे, घासावे, सफाई पुन्हा करावी. आर्द्रतेची पांढरी झाक कधीकधी कोरड्या हवेत आपोआप जाते, न गेल्यास घासून दुसरा कोरडा दिवस पाहावा.

प्लास्टिकच्या बंपरला हीच पद्धत चालते का?

पूर्णपणे नाही. बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलिनचे असतात आणि त्यावर साधा प्रायमर धरत नाही. उघड्या प्लास्टिकवर आधी प्लास्टिकसाठीचा खास चिकट प्रायमर लागतो. पुट्टीही लवचिक, प्लास्टिकसाठीच बनवलेली हवी.

रंग बदलला तर आरटीओला कळवावे लागते का?

त्याच रंगात दुरुस्ती केली तर काहीही करावे लागत नाही. गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो, म्हणून वेगळा रंग द्यायचा असल्यास आधी आरटीओची परवानगी घेऊन आरसीत बदल करून घ्यावा आणि विमा कंपनीलाही कळवावे.

उरलेल्या वस्तूंचे काय करावे?

हार्डनर घातलेली पुट्टी पक्की होताना चांगलीच तापते, म्हणून ती थिनरच्या फडक्यांसोबत टोपलीत टाकू नये. पत्र्यावर पसरून थंड होऊ द्यावी. थिनर मोरीत किंवा विहिरीजवळ कधीही ओतू नये. बंद डब्यात ठेवल्यास दोन दिवसांत रंग तळाशी बसतो आणि वरचे निवळ थिनर पुढच्या वेळी साधने धुण्यास कामी येते. तळाचा गाळ वाळवून कचऱ्याच्या गाडीत वेगळा द्यावा.

नव्या रंगाला किती दिवस जपावे?

फेंडर दुसऱ्या दिवशी गाडीला बसवता येतो, पण बोल्टखाली वॉशर फिरून रंग सोलणार नाही याकडे लक्ष द्यावे आणि सोललाच तर तेथे लगेच ब्रशने रंग टिपावा, कारण पुढचा गंज तेथूनच सुरू होतो. पहिला आठवडा गाडी फक्त साध्या पाण्याने धुवावी. मेण किंवा सिलंट निदान ३० दिवस, शक्यतो ६० दिवस लावू नये, रंगातला उरलेला थिनर बाहेर जाण्यास वाट हवी असते. या काळात पक्ष्याची विष्ठा आणि आंब्याचा चीक दिसताक्षणी ओल्या मऊ फडक्याने उचलावा, घासू नये. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये गाडी कलमांखाली उभी असते, म्हणून तेवढे दोन महिने मी ती पडवीकडेच ठेवतो.